डाव्या कुशीचे बंद

विजय नगरच्या ज्योतीबाईंना शिवणातलं कोणी काही सांगायला गेलं, की त्या ऐकून घ्यायच्या आणि आपलंच खरं करायच्या. तसं त्यांचं कधी चुकतही नसे. चुकलं ते एकदाच, पोटच्या पोरासाठी शिवताना.

आल्हाद जर्मनीला शिकायला गेला त्याला निमित्त एक कार्टून. लहानपणी तो जी जपानी मालिका हिंदीत बघायचा, तिचा जपानी नायक जर्मनीतल्या एका जुन्या गावात राहायचा. ते गाव सापडेल म्हणून पोरगा गेला, आणि सापडली एक थंडगार खोली. फोनवर तो काही बोलत नसे, पण आईला आवाजावरून कळायचं. मग कॉलेजात त्याच मालिकेची वेडी जर्मन पोरं भेटली. मेळाव्यात ती पात्रांचे कपडे घालून मंचावर जात. आल्हादने नायकाचा जपानी झगा आईकडे मागितला, तेव्हा कित्येक दिवसांनी त्याचा आवाज मोकळा वाटला.

ज्योतीबाईंनी फोटो पाहिला न पाहिला आणि कात्री चालवली. हे तर बंदांचं झबलंच, फक्त मोठं. उजवा पदर वर, बंद डाव्या कुशीला. आल्हादचं पहिलं झबलं त्यांनी असंच शिवलं होतं.

मेळाव्यात मंचावर चढण्याआधीच एका मुलीने त्याला थांबवलं. जपानात उजवा पदर वर फक्त मेलेल्या माणसाला घालतात, असं ती म्हणाली. बाकीचे हसले. आल्हाद जिन्याशी बसून राहिला आणि खेळ त्याच्याविना झाला. हे त्याने हसत हसतच घरी फोनवर सांगितलं. वडील रत्नाकररावही हसले, म्हणाले, म्हणजे हे आपल्या श्राद्धातलं अपसव्यच की. ज्योतीबाईंनी मात्र फोन आपल्याकडे ओढला.

"फेकून दे तो झगा," त्या म्हणाल्या.

"आई, तू काहून टेन्शन घेऊन राहिली? अच्छा चलो, फेकतो."

त्याच हिवाळ्यात बर्फावरून त्याची सायकल घसरली, ती ट्रकखालीच.

नदीकाठी ग्वारीघाटावर त्याच्या दहाव्याला ज्योतीबाई हट्टाने गेल्या. गुरुजींनी सांगितलं तसं रत्नाकररावांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, आणि ज्योतीबाईंना अपसव्याची ती थट्टा आठवली. मीच त्याला माझ्या हातांनी मेल्याचे कपडे घातले, हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. नवऱ्याने परोपरीने समजावलं. त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि तिच्याकडे पाठ करून बसायला लागल्या.

पुढे आल्हादची बॅग आली. तळाशी झगा होता, नीट घडी केलेला. फेकायला म्हणून त्यांनी तो उचलला, तर बंद भलत्याच बाजूला हाताला लागले. उजव्या कुशीला. टाके जाडेभरडे, वेडेवाकडे, आणि प्रत्येक गाठ दोनदा मारलेली. जाण्याआधी बटण लावायला त्यांनीच त्याला तसं शिकवलं होतं. पोराने सगळे बंद उसवून स्वतः पलटवले होते. त्याला तो झगा पुन्हा घालायचा होता. शेवटचा बंद अर्धाच लागला होता आणि सुई तिथेच टोचलेली होती.

ज्योतीबाईंनी तीच सुई हातात घेतली, त्याच दोऱ्याने उरलेला बंद लावला, दोनदा गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. झगा झटकून समोर धरला, आणि आयुष्यभराच्या सवयीने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"आल्हाद, ये रे, घालून दाखव."

आतून रत्नाकरराव आले आणि दारातच उभे राहिले.