मालकिणीचा आवाज

मोशीत शालनबाईंच्या रानाचा आता एवढाच तुकडा उरला होता. एका बाजूला नवी उंच इमारत, दुसऱ्या बाजूला त्यांनीच बांधलेली खोल्यांची चाळ आणि मधे मेथीचे वाफे. फेब्रुवारी सरत आला होता. सकाळी नदीकडून गारठा यायचा आणि दहा वाजले की पाठीवर चटका बसायचा. मेथी फुलावर यायच्या आत काढायला हवी होती, म्हणून शालनबाई आणि त्यांच्या भाडेकरणींपैकी कस्तुरा सकाळपासून वाफ्यात बसल्या होत्या. कस्तुराचा नवरा ज्योतीराम चाकणला कंपनीत होता. तो नाईट करून झोपला की ती रानात यायची.

"आज मूग गिळून आलीस व्हय गं?" शालनबाई म्हणाल्या.

"काय न्हाई, मालकीणबाय."

"काय न्हाई कशी? मुळाची माती बी झाडंना झालीस. जुडीत पाला कमी आन माती जास्त. गिऱ्हाईक माझ्या नावानं बोटं मोडंल."

कस्तुरानं हातातली जुडी पुन्हा सोडली, मुळं गुडघ्यावर आपटली आणि खाली बघतच बोलली. "आमच्या अपेक्षाला गावाकडं धाडायलेय. शुक्रवारी तिचा मामा येतोय न्यायला."

"आन शाळा?"

"शाळंचं नाव काढलं की लेकरू रडायलंय. दोनदा ताप आला. लघवीला जळजळ व्हायली. डॉक्टरीणबाय म्हनल्या, ही पोरगी दिवसभर पानीच पीत न्हाई, दुसरं काय न्हाई हिला. किती खोदून इचारलं तवा बोलली. शाळंत पोरी नळावर येऊ देईनात. बाटली दिली तर हिसकून वतून देतेत."

"मग मामाकडं तरी शाळा हाय का?"

"चौथीपतूर हाय. हिची चौथी झाली की. मामीची लेकरं सांभाळंल, दुसरं काय."

शालनबाई ताडकन उठल्या. गुडघा दुखतो हेही विसरल्या. आपल्या चाळीत कुणाला त्रास नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. भाडेकरणीचं बाळंतपण असलं तर रात्री रिक्षा त्याच बोलवायच्या. संक्रांतीला प्रत्येक दारात तिळगूळ जायचा. सकाळी पाणी सोडताना आवाज चढायचा, पण तो कुठल्या घरमालकिणीचा चढत नाही, असं त्या म्हणायच्या.

"कोन पोरगी हाय ती? नाव सांग."

"नाव नगा इचारू, मालकीणबाय."

"का? माझ्या चाळीतल्या पोरीला पानी देत न्हाई म्हंजे? तिच्या आईला जाऊन इचारते, काय शिकिवलंस म्हनून."

"नगा ना जाऊ. शुक्रवारी जायलीच हाय ती." कस्तुरा अर्धवट उठली, तिनं शालनबाईंचा पदर धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला. तोवर शालनबाई बांधावर पोचल्या होत्या. मातीच्या हातानंच त्यांनी चप्पल शोधली आणि शाळेच्या वाटेला लागल्या.

मधली सुट्टी झाली होती. नळ शाळेच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या सावलीत. शालनबाई भिंतीला वळसा घालून गेल्या आणि आवाज कानावर आला तशा थबकल्या.

"रांगेत नीट ऱ्हावा. दोन हंडे म्हंजे दोनच. तिसरा दिसला तर खोली खाली."

नळाच्या ओट्यावर त्यांची नात तनुजा उभी होती. एक हात कमरेवर, दुसरा तोटीवर. पोरी खिदळत रांगेत बाटल्या पुढं करत होत्या. तनुजा तोटी सोडायची, बंद करायची. सगळ्यात शेवटी अपेक्षा उभी होती, नुसती ओंजळ घेऊन. तीन दिवसांनी शाळेत आलेली, ओठ सुकलेले.

"तुमच्याकडं पान्यासाठी कोसभर जात हुता ना गं? हितं आलं की लगीच बादल्यावर बादल्या पायजेत?" तनुजा म्हणाली. "आदी म्हन, चुकलं मालकीणबाय."

"चुकलं मालकीणबाय."

"आयकू आलं न्हाई."

शालनबाईंना हे शब्द नवे नव्हते. गेल्या आठवड्यात कस्तुरानं जास्तीची एक बादली मागितली होती. पोरीला ताप आहे, कपडे धुवायचेत, एवढंच तिचं म्हणणं. सगळ्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या आणि शालनबाईंनी तिच्याकडून हेच वदवून घेतलं होतं, दोनदा. मग बादलीही दिली होती. दिली, म्हणून त्यांना स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

रानातून निघताना अंगात आलेला राग आता कुणावर काढायचा, तेच त्यांना कळेना. मग तो सोप्या जागी गेला. त्यांनी तनुजाचा दंड धरून तिला खाली ओढलं आणि हात उगारला.

"आज्जे, मारतीस का?" तनुजा खरोखरच गोंधळली होती. "आमी खोल्या-खोल्या खेळतोय. मी तू झालीय."

उगारलेला हात शालनबाईंनी खाली घेतला. रांगेतल्या पोरी आता हसत नव्हत्या. अपेक्षानं संधी साधून तोटी सोडली आणि ती घटाघटा पाणी प्यायली. कुणी बघतंय का, हे पिता पिता मधेच वळून बघत होती.

वर्गशिक्षिका मिनल मॅडम बाहेर आल्या. "आजी, तुम्ही? आत या ना."

"मॅडम, हे तुमाला ठावं हुतं?"

मॅडमनी नळाच्या वरच्या फरशीकडं बघितलं. सोपानरावांनी, म्हणजे शालनबाईंच्या मालकांनी, नळ बांधून दिल्याचं तिच्यावर कोरलं होतं. "पोरी म्हणतात, नळ तनुजाचाच आहे. दिवाळीनंतर मी तिला वर्गात उभं केलं होतं, आजी. दुसऱ्या दिवशी आजोबा भेटायला आले. मोठ्या आवाजात बोलून गेले."

सोपानरावांना शालनबाईंनीच धाडलं होतं. माझ्या नातीला चारचौघांत बोलणारी ही कोण, असं म्हणून.

संध्याकाळी त्या तनुजाला घेऊन चाळीत गेल्या. भाडेकरूंचं दार त्या नेहमी ढकलूनच आत जायच्या. आज बाहेर थांबल्या आणि "कस्तुरा, येऊ का?" म्हणाल्या. शेजारच्या खोल्यांतली बोलणी तेवढ्यानंच बंद पडली.

कस्तुरा धडपडत उठली. ज्योतीरामनं घाईनं शर्ट चढवला. "मालकीणबाय, म्या नाव घेतलं न्हाई," ती म्हणाली. "देवाशपथ. खोली सोडा म्हनत असाल तर सोडतो. निस्ता हा म्हयना जाऊ द्या."

"खोलीचं कोन बोलतंय?" शालनबाई म्हणाल्या. "त्या दिशी पोर तापली हुती. तू बादली मागितलीस. म्या काय बोलले ते समद्यांनी आयकलंय."

"जाऊ द्या, मालकीणबाय."

"जाऊ दे कसं? माज्या नातीनं तर न्हाई जाऊ दिलं. चुकलं माजं, कस्तुरा."

तनुजा आजीच्या मागून शाळेत म्हणतात तसं "सॉरी" म्हणाली. अपेक्षा कोपऱ्यात भरलेल्या पिशवीवर बसली होती. ती शालनबाईंकडं बघत होती.

"गावाला जाऊ नगं, पोरी," शालनबाई म्हणाल्या. "उद्या शाळंत जा. नळाचं म्या बघते."

"आईला परत तसं म्हनलात तर?"

"न्हाई म्हननार."

"आन म्हनलात तर?"

जीभ आवरेलच, याची शालनबाईंनाही खात्री नव्हती. इतक्या वर्षांची सवय. "तर तू मला तितंच टोक."

"समद्या बायांपुढं?"

"समद्यांपुढं."

"मग तुमी खोली खाली करा म्हनाल."

शालनबाईंनी कस्तुराकडं बघितलं. असं काही बोलू नये, एवढं तरी ती लेकीला म्हणेल, असं त्यांना वाटलं. कस्तुरा स्टोव्हवरच्या भाताकडं बघत राहिली. ज्योतीरामनंही मान वर केली नाही. दारातल्या दारात शालनबाईंचं तोंड तापलं. चाळीचा पाया खणल्यापासून त्या इथं येत होत्या, पण कुणी आपल्या बोलण्याला इतकं घाबरत असेल, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"पोरगी बराबर बोलती," शेवटी त्याच म्हणाल्या. "माज्यावर इस्वास ठेव असं म्या कोनत्या तोंडानं म्हनू?"

अपेक्षा उठली आणि आईच्या कानाशी काहीतरी बोलली. कस्तुरानं फोन उचलला. मालकीणबाई जातील म्हणून ती क्षणभर थांबली, मग तसाच नंबर लावला.

"दादा, या शुक्रवारी येऊ नगंस," ती फोनवर म्हणाली. "न्हाई, मिटलंय आसं न्हाई. आठ दिस बघायलोत आमी. पानी पिऊन येती का बघायचं, मंग सांगते... हाव, मालकीणबाय हितंच हायती. त्यांच्यापुढंच बोलायलेय."