तांब्याचे खिळे

मी बोट बोलतेय. लाकडाची नव्हे, अ‍ॅल्युमिनियमची. आधीच सांगून ठेवते, गोडगोड बोलायची मला सवय नाही. जिनं आयुष्यभर मारच खाल्ला, तिनं गोड बोलावं तरी कसं?

माझं अंग साधं आहे. खाली दोन लांब पोकळ नळे, तोंडं बंद केलेले, आणि त्यांच्यावर पाटासारखी सपाट जमीन. नळ्यांत हवा आहे तोवर मी तरंगते. हवेच्या जागी पाणी शिरलं की माझा खेळ आटोपला.

जन्म झाला तोही ठोकाठोकीतच. कारखान्यात पत्रा वाकवला, बडवला, जाळानं सांधला. मग एका कंपनीनं खाडीचं मोजमाप करायला मला पेणच्या खारेपाटात आणलं. टोपीवाले साहेब माझ्यावर उभे राहून पाण्यात काठ्या बुडवायचे आणि दुपारी डबे खायचे. काम संपलं तसे ते निघून गेले आणि मी चिखलात उताणी पडून राहिले. गावची कुत्री माझ्या सावलीत झोपायची. तेवढाच काळ मला कुणी मारलं नाही.

ब्याण्णवच्या सुमारास दोघा भावांनी मला घेतलं. थोरला पोपट, धाकटा कमळाकर. दोघंही मिठागरात राबलेले. बाप लवकर गेला म्हणून कमळाकरला वाढवलं ते पोपटनं. एका हातानं भरवलं आणि दुसऱ्या हातानं बडवलं. मागे इंजिन बसवून दोघांनी मला खाडीत सोडलं. अलीकडे गाव, पलीकडे जेटी, आणि जेटीवरून पेणच्या बाजाराचा रस्ता. मिठाच्या गोणी, सुकटीच्या पाट्या, शाळेची पोरं, बाळंतिणी, सगळं माझ्यावरून जायचं.

पहिल्या दिवशी पोपटनं रीतीप्रमाणे माझ्या नाकावर नारळ हाणला. लाकडाच्या होडीला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र वाटीएवढा पोचा आला. नारळ फुटलाच नाही, मीच चेपले. बायका खो खो हसल्या. पोपट वरमला, आणि तोच नारळ त्यानं जेटीच्या दगडावर फोडून पाणी माझ्यावर शिंपडलं.

हे लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या होडीवर जगलेले. मलाही त्यांनी होडीच्याच रीतीनं वागवलं. मायेनं वागवलं, हे खोटं कशाला सांगू? पण मी होडी नव्हते.

त्यांच्या बापाचीही एक होडी होती. ती मोडली तेव्हा आईनं, म्हणजे धोंडुबाईनं, तिच्या फळ्या चुलीत घातल्या. तिचे तांब्याचे खिळे मात्र एकेक करून उपटले आणि डब्यात जपून ठेवले. खाऱ्या पाण्यात लोखंड सडतं, तांबं सडत नाही, म्हणून चांगल्या होडीला खिळे तांब्याचेच. सणासुदीला म्हातारी तो डबा उघडायची, खिळ्यांना हळदकुंकू लावायची आणि पोरांना बजावायची, "तुमच्या बापाचं हात लागलंत यांना. यांनी धरलेलं कंदी सुटलं नाय."

जेटीचं आणि माझं पहिल्यापासून हाडवैर. तिच्या दगडांतून एक लोखंडी अँगल बाहेर आला होता. भरतीला तो पाण्याखाली जायचा आणि मला नेमका कुशीत ओरबाडायचा. पोपट जुनी टायरं मध्ये टांगायचा, हळू लावायचा. संध्याकाळी पॉलिशपेपर घेऊन माझे ओरखडे घासत बसायचा, वर रंगाचा हात मारायचा. त्याची बायको विमलबाई जेवायला हाका मारून दमायची. "माज्या पाठीला कंदी तेल लावलंव का येवढ्या मायेनं?" असं ती म्हणाली की पोपट नुसता हसायचा.

कमळाकरला हळू काही जमायचंच नाही. तो इंजिन पिळायचा आणि मला जेटीवर नेऊन आदळायचा. दोघांची रोज त्यावरून बाचाबाची.

एका बाजारच्या दिवशी ते टोकाला गेलं. बोट भरलेली होती. कमळाकरचा नुकताच साखरपुडा झाला होता आणि त्याचा होणारा सासरा माझ्यावरच बसला होता. जावई कसा झोकात बोट हाकतो ते त्याला दाखवायचं होतं. तो असा वेगात आला की मी जेटीवर दाणकन आपटले. अँगलनं माझी कूस टोकापासून टोकापर्यंत खरवडली. बायका एकमेकींवर पडल्या, सुकटीच्या पाट्या पाण्यात गेल्या.

पोपट जेटीवर उभाच होता. त्यानं कमळाकरला गचांडी धरून वर ओढला आणि सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. मग दुसरी, मग तिसरी.

"आंधळा हायस काय? माणसा हायत बोटीत, गोणी नाय!"

कमळाकरच्या ओठातून रक्त आलं. त्यानं सासऱ्याकडे पाहिलं. सासरा खाली मान घालून धोतराचं पाणी पिळत होता. तेवढं पाहिलं आणि कमळाकरचं डोकं फिरलं. जेटीवर खुंट ठोकायचा घण पडला होता, तो त्यानं उचलला. बायकांनी किंकाळी फोडली.

पोपट जागचा हलला नाही. छाती पुढे काढून म्हणाला, "मार. हाय हिंमत? मार!"

कमळाकरनं घण डोक्यावर नेला. बापाच्या जागी असलेल्या भावावर घण कसा घालणार? पण वर गेलेला घण कुठेतरी खाली यायलाच हवा होता. तो वळला आणि त्यानं माझ्या डाव्या नळ्यावर घाव घातला. मग घावांवर घाव. "घे! घे! तुजं लाडकं लेकरू!" असं ओरडत होता आणि रडत होता. माझा पत्रा आधी चेपला, मग पिचला, मग फाटला. मूठ जाईल एवढं भोक पडलं आणि त्यातून माझा श्वास फुसफुसत बाहेर गेला.

घण खाली टाकला तेव्हा पोपटनं वल्हं उचललं आणि भावाच्या पाठीवर मोडलं. दोघं चिखलात लोळले. चावले, बोचकारले. चार माणसांनी ओढून वेगळं केलं तेव्हा कोण कोणता, ते चिखलानं ओळखू येत नव्हतं.

मी काठाला पडून राहिले. भाऊ एकमेकांशी बोलेनात. एक मिठागरात जाई, दुसरा रोह्याला कंपनीत रोजावर. बाया कंबरभर चिखल तुडवत जेटी गाठत आणि दोघांच्या नावानं बोटं मोडत.

शेवटी धोंडुबाई उठली. दोघांना दंडाला धरून तिनं माझ्यापाशी आणलं. काखेत तिची अ‍ॅल्युमिनियमची परात होती, हातात तो डबा.

"ही परात कापा, ठिगाळ करा. आनि हे घ्या बापाचं खिलं. हिला सांधा, नायतर मना सरणाव ठेवा. तिसरा नाय."

परात कापली. खाली डांबर आणि सायकलच्या ट्यूबचं रबर. नळ्याच्या तोंडाशी हात जाईल एवढं गोल झाकण होतं. पोपटनं त्यातून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरला. बाहेरून ठोकायचं होतं कमळाकरला. त्यानं हातोडा उचलला आणि तसाच थांबला. पत्र्यापलीकडे भावाचा हात होता.

"मार," पोपट म्हणाला. "बिनधास मार."

ह्या वेळी त्या शब्दात राग नव्हता. कमळाकरनं पहिला खिळा ठोकला, मग एकेक करत सगळे. तो पहिला मार होता जो मी आनंदानं खाल्ला. शेवटच्या खिळ्याला पोपट म्हणाला, "आता बरा लावलास." कमळाकर नाक पुसत हसला. काठावर बसलेली म्हातारी आभाळाकडे बघून पुटपुटली, "बगलंव का?"

पुढचे दिवस सुखाचे गेले. कमळाकरचं लग्न झालं, नवरी माझ्यावरूनच आली. तो इंजिन हळू बंद करायला शिकला. विमलबाई त्याला चिडवायची, "भावजी, आता बोट लावता का बाळ निजवता?"

पण ठिगळात काहीतरी बिनसलं होतं. प्रत्येक खिळ्याभोवती मला खाज सुटायची. खारं पाणी, तांबं आणि मी, आमचं तिघांचं पटत नव्हतं. तांबं तसंच धडधाकट होतं आणि त्याच्याभोवतीची मी झिजत होते. खिळ्यांच्या कडेनं पांढरी भुकटी फुटायला लागली. मी किती सांगू पाहिलं! पण मिठागरात जन्म गेलेल्या माणसाला पांढरं दिसलं की ते मीठच. तिथे दोरावर मीठ, वल्ह्यावर मीठ, माणसांच्या भुवयांवरसुद्धा मीठ. पोपटनं अंगठ्यानं ती भुकटी पुसली, "मीठ धरलाय गो बाय," असं मला म्हणाला आणि वरून रंग दिला. दर महिन्याला पुसायचा, दर महिन्याला रंगवायचा.

मग उधाणाचा तो दिवस आला. भर दुपार, वारा पिसाळलेला. माझ्यावर मिठाच्या गोणी रचल्या होत्या. कमळाकर इंजिनावर, पोपट पुढे दोर घेऊन उभा. जेटी हातभर राहिली आणि पोपट दोर बांधायला जेटीच्या पायरीवर उतरला. त्याच क्षणी लाटेनं मला दगडावर घासलं आणि परातीचं ठिगळ बहुतेक खिळ्यांसकट निखळून गेलं, एक तुकडा तेवढा लोंबत राहिला.

डाव्या नळ्यात पाणी धबाधबा शिरलं. मी कलंडले. गोणी घसरल्या, आणि त्या सगळ्या वजनानिशी मी जेटीवर गेले. मध्ये पोपट होता.

माझ्या आणि दगडाच्या मध्ये. मी स्वतःला आवरू शकले नाही. लाट मला मागे ओढी आणि पुन्हा त्याच्यावर घाली. त्याच्या बरगड्या माझ्या अंगावर मोडल्या, तो आवाज माझ्या पत्र्यात अजून आहे. कमळाकरनं उडी टाकली, खांदा लावला, नखं उलटी होईपर्यंत मला ढकललं. "दादूस! दादूस!" एवढंच ओरडत होता. माणसं धावली, मला मागे खेचलं, तोवर सगळं संपलं होतं. जेटीच्या पायरीवरचं रक्त पुढच्या लाटेनं धुऊन नेलं.

गावाला कारण शोधावं लागलं नाही. घण कुणी मारला होता? कमळाकरनं. भोक कुणी पाडलं होतं? कमळाकरनं. ओहोटी लागताच विमलबाई चिखल तुडवत जेटीवर आली ती वल्हं घेऊनच. तिनं त्याला खांद्यावर, डोक्यावर, तोंडावर मारलं. त्यानं हात आडवा केला नाही. मारता मारता तीच खाली बसली. आणि धोंडुबाई काय म्हणाली? सगळ्यांनी ऐकलं.

"माज्या नवऱ्याचं खिलं व्हतं, ते सुटाचं नाय. ह्याचा घावच येवढा खोल गेलता."

त्या दिवसापासून गावात त्याला नाव उरलं नाही. भावमाऱ्या, एवढंच नाव. बायको माहेरी निघून गेली.

तरी त्यानं मला टाकलं नाही. विमलबाईच्या घरची चूल माझ्यावरच पेटायची. टेम्पोत घालून, कासू गावावरून त्यानं मला रोह्याला नेलं. कंपन्यांमुळे अ‍ॅल्युमिनियम सांधणारे तिकडेच. काळुराम नावाचा वेल्डर होता, तोंडात सदा तंबाखू. ठिगळाचा लोंबता तुकडा आणि अजून अडकलेले चार खिळे त्यानं पाहिले. खिळे त्यानं पकडीनं नाही, दोन बोटांनी काढले. ते लोण्यातून निघावे तसे निघाले.

"तांबं कुणी मारलं रे हिला?"

"आमीच. का?"

"खाऱ्या पाण्यात तांबं हिला खातं. बघ, खिळा नवाकोरा हाय आणि कडंचा पत्रा राख झालाय. हे भोक मूठभराचं. या परातीनं धा वर्सं धरलं असतं. ह्या खिळ्यांनी घात केला."

कमळाकर मटकन खाली बसला. इतके दिवस छातीवर दगड घेऊन जगत होता. आता तो उतरायला हवा होता. त्याचा चेहरा एक क्षणभर सुटलाही, मी पाहिला. मग हळूहळू पुन्हा आवळला. खिळे कुणाच्या डब्यातले होते, ते त्याला आठवलं.

"काळुरामशेठ," तो म्हणाला, "ह्या कुनाला बोलू नुको."

"मला काय, कुणाला सांगू?" काळुराम थुंकला आणि त्यानं जाळ पेटवला.

सांधून मी परत आले. जेटीवर धोंडुबाई काठी टेकत उभी होती. तिनं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. फक्त हात पुढे केला.

"त्याचं खिलं कुठं हायत?"

कमळाकरनं खिशातून चारही काढले. रोह्याहून येताना सगळी वाट तो ते चिंचेनं घासत होता. हिरवटपणाचा, पांढऱ्या भुकटीचा मागमूस उरला नव्हता. सोन्यासारखे चकचकत होते.

"हे घे, आये. शाबूत हायत. तू बोललीस ताच खरा. त्यांनी धरून ठेवलंता. माजाच घाव खोल गेलता."

म्हातारीनं खिळे कपाळाला लावले. मग उरलेल्या ताकदीनं त्याच्या कानाखाली एक वाजवली, आणि माझ्यावर येऊन पुढे बसली. त्यानं दोर सोडला आणि मला अलगद पाण्यात ढकललं.

अजून मी चालते. अंगभर पोचे आहेत, ओरखडे आहेत. कमळाकर आता संध्याकाळी पॉलिशपेपर घेऊन बसतो, पोपट बसायचा तसाच. हाक मारायला मात्र कुणी नसतं.

तुम्ही कधी ह्या बाजूला आलात तर माझ्यावरूनच पलीकडे जाल. शेजारचा कुणी तुमच्या कानाशी लागून सांगेल, "तो इंजिनावरचा बघा. सख्ख्या भावाला मारलान." तेव्हा मान डोलावू नका, एवढंच माझं मागणं. उतरताना त्याला नावानं हाक मारा. कमळाकर म्हणा.

पण मी सांगितलेलं तिथे बोलू नका. पुढच्या बाजूला, कनवटीला चार खिळ्यांची पुरचुंडी खोचून, धोंडुबाई बसलेली असते. म्हातारीला अजून चांगलं ऐकू येतं.