अर्धी राहिलेली दुवा

बुरुलची शेवटची परीक्षा दवाखान्यात नव्हती, तोक्तोसुन अतांच्या घरी होती. नारीन शहरातल्या नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या सबीरा एजेंचा हा खाक्याच होता. "सरावाच्या पुतळ्याला कुणीही भरवेल," बाई म्हणायच्या. "पुतळा रागावत नाही."

अता, म्हणजे आजोबा, जन्मापासून अपंग. हात आखडलेले, जीभ जड, डोकं मात्र लख्ख. घरात वयानं तेच मोठे. पण जेवण झालं की तळवे उघडून दुवा द्यायची ती आजवर धाकट्या भावानं, शार्शेननं. सगळ्यांना ते सोयीचं होतं. हा शार्शेन ऐन थंडीत गेला. आज त्याची लेक बेगाइम दोन वर्षांसाठी रशियात कामाला निघाली होती, आणि तिला दुवा द्यायला अतांशिवाय कुणी उरलं नव्हतं. अडुसष्ट वर्षांत ही त्यांची पहिलीच.

बुरुलनं अतांच्या चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावला, पाठीला उशी दिली, घोट उतरल्याशिवाय पुढचा चमचा उचलला नाही.

"हाताला गुण आहे हो पोरीच्या," शार्शेनची बायको गुलबारा सबीरा एजेंना म्हणाली. "म्हातारपणी मला हीच पाठवा. आमची सून घास कोंबेल!"

जेवण उरकलं. सगळ्यांनी तळवे उघडले.

"वाट..." अता म्हणाले. बऱ्याच वेळानं, "खुली... असो."

मग त्यांचं तोंड उघडलं आणि आवाजच येईना. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळाला घाम फुटला. बाहेर बेगाइमला न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. गुलबारा खाली बघू लागली. समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, हे बुरुलनं वर्गात दहादा घोकलं होतं. पण दया आली की माणसाला भारी घाई होते.

"ओमीन!" ती म्हणाली आणि दुवा संपल्यावर फिरवतात तसे तिनं चेहऱ्यावरून हात फिरवले.

ओमीन कानावर पडलं की हात डोक्याला विचारत बसत नाहीत. गुलबाराचे, बेगाइमचे, अगदी सबीरा एजेंचेही हात चेहऱ्यावरून फिरले. दुवा मिटली. बेगाइमनं अतांना मिठी मारली, बॅग उचलली आणि ती बाहेर पडली. अतांचं तोंड अजून उघडंच होतं.

"एजे, मी..." बुरुल रडकुंडीला आली.

"मला काय सांगतेस? माझं तोडलंस का काही?"

बुरुल खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. "अता, तुमचं झालं नव्हतं ना?"

"ना... ही."

ती तशीच मोज्यांवर बर्फातून धावली. "काका, थांबा! दुवा अर्धी राहिलीय!"

"अगं पोरी, बिश्केकला या लोकांचं विमान चुकेल!" ड्रायव्हर खेकसला. मग ती काय म्हणाली ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं इंजिन बंद केलं. "अर्ध्या दुवेवर खिंड चढायची? आपली नाही बाबा छाती."

सबीरा एजेंनी खुर्ची उंबऱ्याशी आणली. बेगाइम समोर उभी राहिली. गाडीतल्या लोकांनीही तळवे उघडले.

"शार्... शेन..." अता म्हणाले.

बुरुलनं मघाशी तोडलं होतं ते हे नाव.

"...इथे... नाही. त्याच्या... वाटचं... मी... बोलतो."

गुलबारानं रुमालात तोंड दाबलं. पुढचा शब्द येईना. ड्रायव्हरच्या टोपीवर बर्फ साठलं. बुरुलचे हात भरून आले, पाय बधिर झाले. तिनं दात घट्ट मिटून धरले.

"सुखरूप... परत... ये."

ओमीन कुणीच म्हणेना. ते अतांनीच म्हटलं. त्यांचे हात चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हते. बुरुल पुढे झाली आणि थबकली.

"उचलू, अता?"

"नको." ते बेगाइमकडे बघत होते.

बेगाइम वाकली आणि तिनं त्या वाकड्या तळव्यांत आपला चेहरा ठेवला.