वर धरलेला हात

“उन्हाळ्यात आपला ओढा कुठं जातो?” असं विचारून शिलाबाईंनी तळहात वर धरला. पण जवळा बाजार गावच्या त्या भरल्या वर्गाला तेवढी उसंत कुठली!

“आटतो, बाई!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

उत्तर बरोबर होतं, त्यामुळे पुढं बोलण्यासारखं काही उरलंच नाही. बाईंनी हात खाली घेतला आणि फळा पुसायला लागल्या.

आधीच्या, तांड्यावरच्या शाळेत हाच प्रश्न सकाळभर पुरला होता. तिथली लेकरं घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायची. बाईंचा मराठी प्रश्न आधी त्यांच्या बोलीत जायचा, तिथं उत्तर सापडायचं, मग ते मराठीत परत यायचं. सुरुवातीला बाई उतावीळपणानं स्वतःच उत्तर सांगून मोकळ्या व्हायच्या आणि पोरं मुकी ती मुकीच राहायची. मग त्यांनी नियम घातला. हात वर असला की कुणीतरी विचार करतंय, मध्ये कुणी बोलायचं नाही. पहिलीतल्या निताला ओढ्याचा प्रश्न विचारला तेव्हा दारातून एक शेळी आत आली, खडू हुंगून निघून गेली, तरी वर्ग गप्प होता. आल्यापासून एक शब्द न बोललेली निता मग म्हणाली,

“खाली जाऊन बसतो. पाऊस हाक मारतो तवा येतो.”

त्या शांततेसाठी बाईंचा जीव आता तुटायचा. बदली त्यांनीच मागून घेतली होती. घर जवळ आलं, रोजची दगदग संपली. सगळं मनासारखं झालं, मन तेवढं तांड्यावर राहिलं.

शाळा सुटल्यावर त्या आठवडी बाजारात शिरल्या. मेथीच्या जुड्या मांडून निताची आई भिकाबाई बसली होती, आणि शेजारी निता.

“बाई!” निता ताडकन उठली.

“कशी आहेस गं? शाळेत जातेस ना? नवे सर बरे आहेत?” पोरीनं तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या, “जातच असशील म्हणा.”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. इकडच्या वर्गाची घाई अंगात मुरली होती तर! निता मात्र आपल्या चालीनं थांबली, ओठ मिटून जरा खाली बघितलं, आणि मग विचारलं,

“बाई, तुमी परत कवा येनार?”

‘बघू’ हा शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. वर्गात त्यांनी तो कुणाचा चालवून घेतला नव्हता. त्यांनी तो गिळला आणि उगाच एक जुडी उचलून तिचा दोरा चाचपू लागल्या.

भिकाबाईला त्यांची अडचण दिसली.

“येतील की गं. काहून तकलीफ देऊन राहिलीस त्यान्ला?”

निताचा हात वर गेला.

“थांब, याडी,” ती आईला म्हणाली. “बाई इचार करून राहिल्यात.”

आई गप्प बसली. एक गिऱ्हाईक भाव विचारायला वाकलं, तर निताचा दुसरा हात त्याच्यासाठी वर गेला. बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. निता त्यांच्याकडं बघत उभी होती, तिला कसलीच घाई नव्हती.