पंगतीतली खाज

लवू डिसोझाला खरूज झाली आहे, हे तोंडवलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त लवूला, आणि त्याच्या कातडीला.

लवू मूळचा आरोंद्याचा. माईंच्या खानावळीत रांधायला आला आणि थोड्याच दिवसांत पर्यटक समुद्र बघायचा सोडून त्याचं बांगड्याचं तिखलं खायला येऊ लागले. गिऱ्हाईकं उठली की माई, वडे थापणारी शर्मिला, होडीवाला महादू आणि लवू मागच्या पडवीत जेवायला बसत. लवूच्या घरी क्रुसाची, त्यांच्या बोलीत खुरसाची, खूण केल्याशिवाय कुणी पहिला घास उचलत नसे. त्याची आई, म्हणजे आवस, तर चहात बिस्कीट बुडवण्याआधीही खूण करायची. बिस्कीट मोडून तळाला गेलंच, तर देव निदान हजर हवा.

पण पहिल्याच दिवशी लवूचा हात कपाळाला लागला आणि तिथंच अडकला. ही माणसं काय म्हणतील? मग त्यानं कपाळावरचा घाम पुसला. छातीवरचं बटण चाचपलं. डाव्या खांद्यावरची माशी हाकलली. माशी नव्हती. उजव्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. टॉवेलही नव्हता. प्रार्थना पुरी झाली आणि कुणाला काही कळलं नाही.

कळलं नाही खरं, पण दिसलं. हा झील ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ताट समोर आलं की खाजवतो, असा शोध महादूनं लावला. शर्मिलानं आंघोळीसाठी कडुनिंबाचा पाला आणला. महादूनं गंधकाचं मलम आणलं. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार, म्हणून लवूनं दोन्ही मुकाट घेतलं. मलम अंगाला लावलंही, कारण न लावलं तर लोक काय म्हणतील. त्याला काडेपेटीसारखा वास येऊ लागला. एका पर्यटकानं त्याच्याजवळ सिगारेट पेटवण्याआधी परवानगी विचारली.

शेवटी माईंनी त्याला चुलीपाशी गाठलं.

"लवू, तुझो हात बरो आसा. पण खाजवणारो हात माझ्या रांधपात नको. उद्या पंगतीत मी तुझ्या समोर बसतलंय. एकदा जरी खाजवलंस, तर चूल शर्मिलाची आणि तू नारळ सोलूक."

वाट सोपी होती. एक दिवस खूण करायची नाही, की चूल वाचली. देव काय, समजून घेईल. त्याला सवय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बांगडे साफ करता करता लवूनं हे स्वतःला नीट पटवून दिलं, आणि पटलं तसं त्याला कसंसंच झालं. ज्यानं जेवायला दिलं त्याचेच आभार आपण इतके दिवस असे मानले, जणू हे बांगडे चोरीचे आहेत. नसलेल्या माशीमागे धावणारा आपला हात वरून कसा दिसला असेल? देवालाही एव्हाना खरजेचा संशय आला असेल. लवूनं सुरी खाली ठेवली. नारळ सोलेन, पण यापुढं माशी हाकलणार नाही.

दुपारी माई चष्मा लावून समोर बसल्या. महादूनं रोजच्यासारखं ताटाभोवती पाणी फिरवलं. माईंनी कावळ्यासाठी भाताचा घास बाजूला काढला. यांना कधी कुणी मलम दिलं नाही, हे लवूच्या आजच ध्यानात आलं.

त्यानं हात उचलला.

माईंनी नुसतंच "लवू" म्हटलं. हात थांबला नाही. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. सावकाश, आणि माशीशिवाय. शेवटचं आमेन एवढं मोठ्यानं आलं की कावळा घास टाकून उडाला.

"माई, माका खाज नाय," तो म्हणाला. "मी खुरसाची खूण करतंय. रोज करतलंय. व्हया तर आतापासून नारळ सोलतंय."

महादूचा घास तोंडापाशीच राहिला.

"मगे ता मलम?"

"लावलंय."

"कशाक?"

"तुमका वायट वाटात म्हणान."

माईंनी चष्मा काढला. "मेल्या, देवाचा नाव घेवक लाजतंस, आणि खरूजवालो म्हणान मिरवूक लाजणस नाय? चूल तुझीच. पण आधी आंघोळ कर. कढयेक गंधकाचो वास येता."

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या दिवसांत लवूला चेवच आला. खूण एवढी ऐसपैस होऊ लागली की कोपर लागून शर्मिलाचे वडे पडवीभर झाले. ते गोळा करताना त्याला उमगलं, की हात कपाळावर असताना आपले डोळे पंगतभर फिरत होते, कोण बघतंय ते बघत. म्हणजे खाज होतीच. फक्त तिच्यावर महादूचं मलम चालणारं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं डोळे मिटले आणि खूण आवशीच्या मापाची केली, बिस्किटाआधीची.

तोंडवलीत आता सगळे म्हणतात, की लवूची खरूज महादूच्या मलमानं गेली. महादूही तसंच सांगतो, आणि मलम पुढच्याच्या हातात देतो. लवूला कुणी विचारलं तर तो खरं काय ते सांगतो. नाही विचारलं तर खूण करून जेवायला लागतो, कारण बांगडे थंड होतात.