अंगणातल्या रेघा

“मेजर, उंबऱ्यावर उभं राहून कुणाचं घर मागू नये. बूट पुसा आणि आत या,” मी म्हणाले.

आमच्याच सैन्यातल्या मेजर कालेयसने मुकाट्याने बूट पुसले. त्याच्यामागून कॅनडाच्या तुकडीची कॅप्टन, ताडमाड उंच मुलगी, चौकटीखाली वाकून आत आली. आमच्या लाटव्हियाच्या रक्षणासाठी आलेल्या मित्रराष्ट्रांच्या तोफांना सरावाला मैदान हवे होते, आणि त्या मैदानात आमचे सारे गाव येत होते. शेजारी सह्या करून केव्हाच शहरात गेले होते. सही राहिली होती ती माझी.

“आई, आता हट्ट पुरे,” माझा मुलगा गुंतिस म्हणाला. “रीगात तुझी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय.”

“रंगवलीस ना? छान. तू गप्प राहा आणि पाव काप.”

साठी उलटलेला माझा मुलगा राय धान्याचा काळा पाव कापू लागला.

“आजी,” मेजरने सुरुवात केली.

“आजी नातवंडांची. तुमच्यासाठी वानागबाई.”

“वानागबाई, तुमची अडचण तरी काय?”

मी खिडकीतून पाइनच्या टेकडीकडे बोट दाखवले. “तिथे माझी आई आहे.”

“आम्ही कबरी नीट हलवून देऊ.”

“जिवंतपणी हलवली होतीच तिला, गुरांच्या डब्यातून सैबेरियाला. मरायला तेवढी घरी परत आली. आता नाही. त्या टेकडीवर एकही गोळा पडता कामा नये. आणि ऑगस्टात कबरस्तानाचा सण असतो, गेलेले सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर जमतात, त्या दिवशी तोफा बंद. एवढं कबूल करा, घर घ्या.”

मेजर अवघडला. “तोफांचं माझ्या एकट्याच्या हातात नाही हो. ते सगळे देश मिळून ठरवतात.”

“मग हिला विचारा. तीही त्या सगळ्यांतलीच ना?”

त्याने इंग्रजीत विचारले. मुलीने उलट मलाच प्रश्न केला आणि मेजरने तो मला सांगितला: “त्या विचारतायत, घर वाचवायला तुम्ही काहीच का मागत नाही?”

“सांगा तिला. चाळीस सालच्या जूनमध्ये सोव्हिएत रणगाडे आले तेव्हा रेडिओवर आमच्याच अध्यक्षांचा हुकूम झाला, आपापल्या जागी राहा. माझी आई राहिली. याच अंगणात, दुधाची बादली घेऊन, मदतीला कोण येतं ते बघत. कुणी आलं नाही. पुढे याच जागेवरून तिला उचललं, आणि तिच्या कडेवरून मलाही. जागा धरून बसल्याने देश राहत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.”

मेजरने ते सावकाश, शब्द शोधत सांगितले. मुलगी उठून अंगणात गेली आणि फोनवर बराच वेळ बोलत राहिली. कुणाशी तरी वाद घालत असावी. हात सारखे हलत होते. परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

“टेकडी वगळली,” मेजर म्हणाला. “सणाच्या दिवशी तोफा बंद. तसं करारात घालतायत.”

नवा करार आला तेव्हा मी चष्मा लावून तो शब्दन्‌शब्द वाचला आणि सही केली.

ऑक्टोबरात निघण्याच्या दिवशी मी दाताळे घेतले. आईच्या कबरीभोवतीची वाळू विंचरून निघताना आम्ही आपल्याच पावलांचे ठसे पुसत उलटे चालत येतो. त्याच रीतीने मी उंबऱ्यापासून फाटकापर्यंत सगळे अंगण विंचरले.

“आई, उद्या इथून रणगाडे जाणार, आणि तू अंगण सारखं करतेस?” गुंतिस गाडीतून ओरडला.

“म्हणूनच करते.”

किल्ली घ्यायला तीच कॅप्टन आली. रेघा पाहून ती फाटकातच थबकली. मग आपल्या बुटांकडे पाहून कुंपणाच्या कडेकडेने निघाली.

मी तिचे कोपर धरले आणि दाताळ्याच्या दांड्याने अंगणाचा मध्य दाखवला, जिथे आई बादली घेऊन वाट बघत राहिली होती.

“कडेने नको, पोरी. मधून जा.”

माझी भाषा तिला येत नव्हती. पण ती गेली, एकेक पाऊल जपून टाकत. तिने दार उघडले. विंचरलेल्या वाळूत फाटकापासून उंबऱ्यापर्यंत तिच्या बुटांचे ठसे उमटले होते. मी ते पुसले नाहीत. दाताळे खांद्यावर घेतले आणि गाडीकडे निघाले.