टाकी हिरवी झाली ती माझ्यामुळे

मी बोलतोय तो वरून, माशांच्या टाकीच्या झाकणातून. दिवा आहे मी. लांबट, पट्टीसारखा, पांढऱ्या उजेडाचा. आधीच कबूल करून टाकतो: या टाकीत जे शेवाळ माजलं होतं, त्यात माझा हात होता. हात नाही मला, पण समजून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. तिथून खोक्यात बसून दुकानात आलो आणि वर्षभर एका फळीवर धूळ खात पडलो. मग एक दिवस एका बाईने टाकी, खडे, पाच नारिंगी मासे आणि मी, असा सगळा संसारच उचलला. तिच्या वडिलांसाठी.

या बाबांनी तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. उरला तो एकच शब्द, 'नाही'. दिवसभर ते टाकीसमोर खुर्चीत बसायचे आणि मासा जिकडे जाईल तिकडे डाव्या हाताचं बोट फिरवायचे. तेवढाच त्यांचा विरंगुळा.

सकाळी लेक घाईघाईत विचारायची, "बाबा, माशांना खायला दिलं का हो कुणी?"

"नाही."

लेक चिमूटभर दाणे टाकून कामावर पळायची. तासाभराने जावई उठायचा, तोही तेच विचारायचा. "नाही." पुन्हा चिमूट. दुपारी नात शाळेतून आली की तिसरी, आणि पोरीची चिमूट जरा सढळच.

माझंही तसंच. "बाबा, दिवा घालवू का?" "नाही." झालं! पहाटेपासून सगळे झोपेपर्यंत मी चालूच. अहो, मी तर हुरळून गेलो. या घरात माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही, असं वाटायला लागलं मला.

आणि टाकी हिरवी व्हायला लागली. आधी काच धुरकट झाली, मग खड्यांवर लव आली, मग पाणीच पालक वाटून घातल्यासारखं दिसायला लागलं. जावयाने बाह्या सरसावून सगळी टाकी रिकामी केली, खडा न् खडा घासला. पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे! मग कसलंसं औषध ओतलं. मासे वर येऊन तोंडं वासायला लागले, तेव्हा त्यांना बादलीत काढताना सगळ्यांची त्रेधा उडाली. कुणी पाण्याला नावं ठेवली, कुणी माशांना. माझ्याकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही, आणि मीही गप्प बसलो.

बाबांना आता मासे दिसेनात. बोट थांबलं. मग जेवणही कमी झालं. समोर हिरवी भिंत आणि ते तिच्याकडे बघत बसलेले. ते बघून लेकीला रडूच फुटलं. "माझ्याने नाही होत आता," ती म्हणाली. खालच्या न्हाव्याला त्याच्या दुकानासाठी टाकी हवीच होती. तो सुट्टीच्या दिवशी येऊन घेऊन जाईल, असं ठरलं.

"बाबा, देऊन टाकू ना टाकी?"

"नाही!" बाबांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली.

"त्यांचं काय घेऊन बसलीस," जावई म्हणाला, "ते सगळ्यालाच नाही म्हणतात."

मासे हलवायचे कसे ते विचारायला लेकीने जिथून टाकी घेतली होती त्या दुकानातल्या बाईला बोलावलं. मोठी फटकळ बाई! ती येऊन बसली तेवढ्यात लेकीने विचारलं, "बाबा, चहा घेणार?" बाबा म्हणाले, "नाही," आणि हात केव्हाच कपाकडे गेलेला.

बाई बघतच राहिली. "अहो, हे नाही म्हणतात आणि कप ओढतात की!"

"तसंच आहे त्यांचं."

"बरं. माशांना खायला कोण घालतं?"

"मी," लेक म्हणाली. "मी," जावई म्हणाला. "मीच की," नात म्हणाली. तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाबांना विचारूनच घालतो हो," लेक पुटपुटली.

"आणि दिवा?"

"तोही... त्यांना विचारूनच."

आधी नात फिसकन हसली, मग सगळेच. आणि बाबा! खांदे गदगदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय. झटक्यानंतर पहिल्यांदा हसत होते ते.

"शेवाळाला दोनच गोष्टी लागतात," बाई म्हणाली. "उजेड आणि उरलेलं खाणं. तुम्ही दोन्ही पोटभर वाढताय! टाकी कशाला देता? मी सांगते तसं करा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. जळून जळून माझा जीव नकोसा झाला होता.

तिने मला टायमर लावायला सांगितला, दिवसाला सात तास, बस्स. खिडकीचा पडदा ओढला. दाणे एकदाच, दोन मिनिटांत संपतील एवढेच, आणि डबा फक्त लेकीच्या ताब्यात. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. सगळं घासूनपुसून काढायचं नाही, त्यात चांगले जंतूही जातात.

"आणि काच? ती रोज कोण पुसणार?" बाईने विचारलं.

लेक काही बोलायच्या आत बाबांनी डाव्या हाताने स्पंज उचलला, लुळ्या उजव्या हातात दिला आणि डाव्याने तो हात धरून टाकीच्या काचेवर आतून फिरवला. बसची पुढची काच पुसतात तसा, डावीकडून उजवीकडे.

या गडबडीत न्हाव्याला कळवायचं राहूनच गेलं. दोन दिवसांनी तो पाण्याची बादली घेऊन हजर! बाबा काचेशी उभे होते. त्यांनी एकवार त्याच्याकडे बघितलं, हिरवागार स्पंज शांतपणे त्याच्या बादलीत बुचकळला, पिळला आणि पुन्हा काचेकडे वळले.

"अहो काका! माशांसाठी आणलीय ती!"

"मासे कुठे जात नाहीत आता," लेक हसून म्हणाली. "बादली तेवढी राहू द्या."

दीड महिना झाला त्याला. पाणी नितळ आहे. खड्यांवर थोडी लव आहे, तेवढी असायचीच म्हणे. तुमच्याही घरी टाकी असेल, तर माझ्यासारख्याला वेळेवर विझवा हो. आम्हाला स्वतःहून थांबता येत नाही.

काल बाबा काच पुसत होते. पुसता पुसता त्यांनी डावा हात हळूच काढून घेतला. उजवा एकटाच काचेवरून फिरत होता, थरथरत, पण फिरत होता. लेक दारात उभी होती. कामाला उशीर होत होता, तरी ती हलली नाही. माझे सात तास आत्ताच कुठे सुरू झाले होते, आणि मी माझा सगळा उजेड त्या हातावर टाकला.